वही कोणी वाचायची?

कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत व्यापारी आला म्हणजे त्याच्या काखेत वही येते, आणि वही उघडली म्हणजे कोणाचे तरी शेत किंवा घर जाणार, हे वाचक-प्रेक्षक आधीच ओळखतो. ही परंपरा जुनी आहे. १९२५ साली बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता आणि त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकार खोटा दस्तऐवज करून जमीन बळकावतो आणि शेताचा धनी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, अशी ती कथा. १९३६ साली त्याच विषयावर बोलपटही निघाला.

पुढे १९५७ मध्ये मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया'ने हेच चित्र घरोघरी पोहोचवले. त्यातील सुखीलाला आजही कोणी विसरलेले नाही. ही भूमिका करणाऱ्या कन्हैयालाल यांनी १९४० च्या 'औरत'मध्येही तीच भूमिका केली होती; म्हणजे सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला, पण पडद्यावरचा सावकार तोच राहिला. पाचशे रुपयांचे कर्ज आणि व्याजापोटी पिकाचे तीन हिस्से, हा त्या कथेचा गाभा. घेणाऱ्याला अक्षरओळख नाही, लिहिणारा एकटाच वाचणारा आहे. म्हणूनच शेवटी बिरजूचा राग जितका लालावर, तितकाच त्याच्या कागदांवर निघतो.

असे चित्रपट दूरदर्शनवर लागले की व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनाला लागते. दुष्काळात उधारीवर धान्य कोणी दिले, धर्मशाळा आणि पांजरपोळ कोणी बांधले, पाठशाळा आणि वसतिगृहे कोणाच्या देणगीवर उभी राहिली, असे प्रश्न ते विचारतात. त्यांची तक्रार सर्वस्वी चुकीची नाही. पिळवणूक ही एखाद्या जातीची मिरासदारी नव्हे, हे साहित्यातच दाखवलेले आहे. प्रेमचंदांच्या 'सवा सेर गेहूं' या कथेत सव्वा शेर गव्हांच्या बदल्यात एका शेतकऱ्याला जन्माची गुलामी पत्करावी लागते, आणि त्या कथेतील धनको वाणी नसून विप्र आहे. दोष देण्याघेण्याच्या अटींत असतो, आडनावात नसतो, हे त्या कथेचे सांगणे आहे.

तरीही ही तक्रार अर्धीच आहे. व्यापाऱ्याची ही प्रतिमा कोण्या लेखकाने मनातून काढलेली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी जमावाने मारवाडी व गुजर सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत ते लोण पसरले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून त्याची नोंद आहे. जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढा. ते मिळाले की जाळले जात. माणसांना इजा तुलनेने फार थोडी झाली. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. आज राजस्थान-गुजरातेतून येऊन महाराष्ट्रात रुजलेली अनेक घराणी त्याच शतकाच्या मागेपुढे येथे स्थिरावली. त्यामुळे ही हकीकत त्यांना परकी मानता येणार नाही.

त्या कायद्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. कर्जाचे दस्त नोंदवावेत, भरलेल्या रकमेची पावती द्यावी, ऋणकोला हिशेबाचा उतारा आणि पासबुक मिळावे, अशा तरतुदी त्यात होत्या. आज बँकेचा प्रत्येक खातेदार जे पासबुक सहज मागतो, ते दख्खनच्या शेतकऱ्याला कायद्याने द्यावे लागले. याचा अर्थ स्पष्ट आहे. भांडण व्याजाच्या दराचे होतेच. पण त्याहून खोल भांडण वही कोण वाचू शकतो याचे होते. ज्याच्या नावावर रक्कम लिहिली जाते, त्याला ती नोंद वाचता येत नसेल, तर लिहिणारा प्रामाणिक असला तरी त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होऊ शकत नाही. एकट्यानेच वाचलेली वही दुसऱ्याला नेहमी संशयास्पद वाटते.

जैन आचारधर्माने हे फार पूर्वी ओळखले होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे आणि न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे यांचा समावेश आहे. 'सावकारी पाश'मधील खोटा दस्तऐवज हा जैन श्रावकाच्या दृष्टीने केवळ कायद्याचा गुन्हा नव्हे, व्रतभंगही आहे. तेव्हा अशा चित्रपटाने दुखावून जाण्यापेक्षा, त्याने दाखवलेला दोष आपल्या धर्मग्रंथानेही दोष मानला आहे, हे स्मरणे अधिक उचित.

व्यापाऱ्याविषयी इतरांनी काय लिहिले, याची चर्चा पुष्कळ होते. व्यापाऱ्याने स्वतःविषयी काय लिहिले, याची मात्र फारशी होत नाही. वास्तविक भारतीय भाषांतील पहिले आत्मचरित्र मानले जाणारे पुस्तक एका जैन व्यापाऱ्याचे आहे. 'समयसार नाटक' लिहिणारे कविवर बनारसीदास अनेक घरांत ठाऊक असतात. पण त्यांचे 'अर्धकथानक' फार थोड्या घरांत आढळते. १५८६ मध्ये जौनपूरच्या जवाहिऱ्याच्या घरी जन्मलेल्या बनारसीदासांनी १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्रा येथे ते लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरून ही अर्ध्या आयुष्याची कथा, म्हणून हे नाव. सुमारे पावणेसातशे पद्यांचे हे लहानसे पुस्तक १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून संपादून प्रसिद्ध केले. पुढे मुकुंद लाठ यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

या पुस्तकात राजदरबार दिसतो तो बाजारातून. १६०५ मध्ये अकबर बादशहा वारल्याची वार्ता जौनपुरात येते तेव्हा दुकाने बंद होतात, लोक दागिने आणि उंची वस्त्रे लपवून जाडेभरडे कपडे घालतात, आणि नवा बादशहा गादीवर आल्याचे पत्र येईपर्यंत शहराचा जीव थाऱ्यावर येत नाही. सत्तांतराचा असा अनुभव दरबारी बखरकाराला येणे कठीण. तो गल्ल्यावर बसणाऱ्यालाच येतो.

परंतु 'अर्धकथानक' मोठे ठरते ते त्यातील तोट्याच्या नोंदींमुळे. वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन तरुण बनारसीदासांना आग्ऱ्यास व्यापारासाठी पाठवले. तेथे त्यांच्या हातून एकामागून एक नुकसान झाले आणि बरोबरची रत्नेही गहाळ झाली. अखेर एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवण्याची पाळी आली. आपल्याजवळ पैसे नाहीत, हे त्यांनी त्या कचोरीवाल्याला सांगून टाकले आणि त्याने तरीही उधार दिले. चार शतकांपूर्वीच्या बाजारात पत म्हणजे काय होती, हे या एका प्रसंगातून कळते. पुढे सासुरवाडीला, खैराबादला गेल्यावर आपली दुरवस्था त्यांनी पत्नीला सांगितली. तिने साठवलेले वीस रुपये त्यांच्या हातावर ठेवले, धीर दिला आणि आपल्या आईला विश्वासात घेतले. त्या माउलीने दोनशे रुपये दिले. बनारसीदासांनी हे सारे रकमांसह लिहून ठेवले आहे. स्वतःच्या गुणांबरोबर दोषही लिहिले आहेत. नऊ अपत्ये झाली आणि एकही जगले नाही, हेही त्यांनी न लपवता लिहिले.

विशेष म्हणजे वय, वित्त आणि घरातील गोष्टी यांसह नऊ बाबी कोणाला सांगू नयेत, हा जुना व्यवहारनियम त्यांना ठाऊक होता. त्यांच्याच पुस्तकात तो आला आहे. तरीही त्याच पुस्तकात त्यांनी वय सांगितले, वित्त सांगितले आणि घरही उघडे केले. प्रतिक्रमणात आलोचना करणारा श्रावक ज्या वृत्तीने आपल्या अतिचारांचा उच्चार करतो, त्याच वृत्तीने हा व्यापारी आपली खातेवही वाचून दाखवतो. सुखीलालाच्या वहीला खरे उत्तर कोठे असेल, तर ते येथे आहे.

आता आजच्या घरांकडे वळावे. सावकाराची वही गेली, मुनीमजी गेले, रोजमेळ संगणकावर आला, जीएसटीचे विवरण भरले जाते आणि लेखापरीक्षण होते. बाहेरच्या जगापुढे व्यापाऱ्याची वही पूर्वी कधी नव्हती इतकी उघडी झाली आहे. पण घरात? तेथे मात्र अनेक कुटुंबांत ती अजूनही बंदच आहे. दुकान कोणत्या बँकेचे किती देणे लागते, कोणाकडून हातउसने घेतले आहेत, कोणाची उधारी बुडाली, राहते घर गहाण आहे की नाही, हे पत्नीला माहीत नसते, मुलांना माहीत नसते, कित्येकदा धाकट्या भावालाही माहीत नसते. पेढीची गोष्ट पेढीवरच राहावी, ही शिकवण मोठ्या निष्ठेने पाळली जाते.

या मौनात भर पडते ती सह्यांची. कर्जाचे कागद होतात त्या दिवशी घरातील स्त्रीला बँकेत बोलावले जाते. ती लग्नकार्याला निघावे तशी नीटनेटकी तयार होऊन येते. पेन्सिलीच्या खुणा केलेल्या तीस-चाळीस जागांवर ती सही करते, चहा घेते आणि घरी जाते. कागदावर ती जामीनदार असते, कधी भागीदारही असते. कोणी समजावून सांगू लागले तर, "त्यांना सर्व माहीत आहे, मला कशाला?" असे हसून म्हणते. हा विश्वास कौतुकास्पद आहे. परंतु कायदा विश्वासाची नोंद घेत नाही, सहीची घेतो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. म्हणजे धनकोने आधी पतीकडे पूर्ण वसुली करावी आणि मग पत्नीकडे यावे, असे बंधन सामान्यतः नसते. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम २५ नुसार, भागीदार असतानाच्या काळात पेढीने केलेल्या कृत्यांबद्दल प्रत्येक भागीदार इतरांसह आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. राहते घर तारण असेल आणि खाते अनुत्पादित झाले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दाव्याविना, बँक त्या घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. ही नोटीस दारात येते तेव्हा घरातील स्त्रीला आपल्या सहीचा अर्थ प्रथमच कळतो. तोवर अनेकदा पतीची तब्येत खालावलेली असते, किंवा तो या जगातही नसतो. त्या क्षणी तिची अवस्था आणि सुखीलालाच्या वहीपुढे उभ्या असलेल्या निरक्षर शेतकरी स्त्रीची अवस्था यांत काय अंतर राहते? एक फरक आहे. ही स्त्री बहुधा पदवीधर असते. तिला वाचता येत होते. तिला वाचायला दिले गेले नाही.

अलीकडच्या चित्रपटांनी व्यापाऱ्याला नायकपद दिले, याचे समाजाला समाधान वाटते. मणिरत्नम यांचा २००७ मधील 'गुरु' हे त्याचे ठळक उदाहरण. गावातून आलेला मुलगा कापडाच्या व्यापारातून साम्राज्य उभे करतो, हे पाहताना व्यापारी घरांतील प्रेक्षक सुखावतात. पण त्या कथेत भांडवल कोठून येते? नायक सुजाताशी विवाह करतो त्यामागे हुंड्याच्या रकमेचा हिशेब असतो, आणि तो तिला नंतर कळतो. चित्रपट पुढे त्यांचे प्रेम दाखवतो आणि प्रेक्षक तो हिशेब विसरतात. बनारसीदासांच्या पत्नीचे वीस रुपयेही भांडवलच होते. पण ते तिने सर्व जाणून दिले होते. चार शतकांपूर्वीच्या या गृहिणीला जो मान मिळाला, तो आधुनिक चित्रपटातील नायिकेला प्रारंभी मिळाला नाही. यशस्वी व्यापारी नायक झाला, एवढ्यावर आनंद मानण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.

घरात हिशेब उघडा करण्यास दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, तोट्याची गोष्ट बाहेर फुटली तर बाजारातील पत जाते. हा आक्षेप खरा आहे. पत ही व्यापाऱ्याची पहिली पुंजी असते आणि अफवेने चांगल्या पेढ्याही डगमगतात. पण बाजारापुढे बोलणे आणि घरात बोलणे यांत भेद करता येतो. ज्या व्यक्तीच्या सहीवर कर्ज उभे आहे, ती बाहेरची कशी? तिच्यावर गुपिताचा भार टाकण्याइतका विश्वास नसेल, तर कर्जाचा भार कोणत्या अधिकाराने टाकला जातो?

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो. घरच्यांना काळजी कशाला द्यायची, असे कर्त्या पुरुषाला वाटते. तो रात्री जागतो, जेवणावरून उठतो, रक्तदाबाच्या गोळ्या वाढवतो आणि विचारले तर "काही नाही" म्हणतो. घरच्यांना काळजी तर लागतेच. फक्त कारण कळत नाही. खर्च त्याच थाटात चालू राहतात, कारण हात आखडायला हवा हेच कोणाला माहीत नसते. कर्ज काढून विवाहाचा मांडव घातला जातो. एकट्याने ओढलेल्या या ओझ्याखाली माणसे मोडतात; काही टोकाचा निर्णयही घेतात. मागे उरलेल्यांना तेव्हा प्रश्न पडतो की एकदा सांगितले असते तर काय बिघडले असते. बनारसीदासांनी सांगितले, आणि बिघडले काहीच नाही. धीर मिळाला आणि भांडवलही मिळाले.

मुले दुकानावर बसायला तयार नाहीत, ही आजची सार्वत्रिक खंत आहे. तिचाही या बंद वहीशी संबंध आहे. ज्या मुलाला वीस वर्षे फक्त वडिलांचा थकलेला चेहरा दिसला, धंद्याचे गणित कधी दिसले नाही, त्याने नोकरी निवडली तर त्याला दोष देता येत नाही. तोटा कसा आला आणि त्यातून पेढी कशी सावरली, हे ऐकत वाढलेला मुलगा धंद्याला घाबरत नाही. कन्यांच्या बाबतीत तर हे अधिक आवश्यक आहे. त्या उद्या दुसऱ्या घरी जातील तेव्हा त्यांच्यापुढेही पेन्सिलीच्या खुणा केलेले कागद येणारच आहेत. वाचल्याविना सही करू नये, ही शिकवण माहेरी मिळाली तर ती दागिन्यांहून मोलाची ठरेल.

यासाठी नवी प्रथा घालण्याची गरज नाही. दिवाळीला वहीपूजन होते. वहीवर स्वस्तिक काढले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते, कुंकू-अक्षता वाहिल्या जातात आणि सर्व कुटुंब हात जोडून उभे राहते. त्या दिवशी पूजा झाल्यावर अर्धा तास दार लावून सर्वांनी बसावे. गेल्या वर्षी काय मिळाले, काय बुडाले, बँकेचे आणि खासगी देणे किती, कोण कोणासाठी जामीन आहे, कोणती मालमत्ता गहाण आहे, विमा किती आणि कागद कोठे ठेवले आहेत, एवढे कर्त्याने मोठ्याने वाचावे. ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी प्रश्न विचारावेत. पुढील वर्षी नवे कर्ज घ्यायचे असेल तर त्याचा विचार त्याच बैठकीत व्हावा, म्हणजे बँकेत जाणारी स्त्री केवळ सही करायला न जाता संमती द्यायला जाईल.

पूर्वजांनी वहीला लक्ष्मीचे रूप मानून पूजले. ज्या गृहिणीला घरची लक्ष्मी म्हणतात, तिलाच ती वही वाचता येऊ नये, ही विसंगती फार काळ चालू देणे शोभत नाही. चित्रपटांनी व्यापाऱ्याची वही जाळून दाखवली. ती उघडून दाखवण्याचे काम व्यापारी कुटुंबांचे आहे, आणि त्याचा आरंभ घरातूनच व्हायला हवा.